काळ्यावरचा ठिपका

यादी टीव्हीच्या डिशच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिली होती. रोहिदास पांचाळ दुसऱ्या कशावर लिहितच नसे. स्वेटर चार. कानटोप्या. सतरंजी. धपाटे, दही वेगळ्या डब्यात. गौराची उलटीची गोळी. बॅटरीला बांधायला लाल जिलेटिन कागद.

"पप्पा, आता माझं लिहा," रेवती म्हणाली.

"तू काय सामान आहेस का?"

"काय बघायचं ते लिहा ना. एक नंबर, रेवती. दोन नंबर, बाकीचे."

रोहिदासनं लिहिलं. सहा वर्षांची गौरा मध्येच घुसली. "माझा पण तारा लिहा!"

"तुझा नाही," रेवती म्हणाली. "तुझं नाव गौरीच्या सणातलं आहे. माझं आभाळातलं आहे."

पोरगी रेवती नक्षत्रावर जन्मली म्हणून आजीनं पंचांग बघून तेच नाव ठेवलं, एवढंच घरात माहीत होतं. पण यंदा चौथीच्या बाईंनी वर्गात सांगितलं की रेवती हा खराखुरा तारा आहे. मंद आहे, गावातल्या उजेडात डोळ्यांना सापडत नाही. दुर्बिणीतून बघितला की एकाचे दोन दिसतात, शेजारी शेजारी बसलेले. त्या दिवसापासून नऊ वर्षांच्या रेवतीनं घर डोक्यावर घेतलं होतं. मला मी बघायचीय.

मांजरकडा त्यांच्या गावापासून साठ किलोमीटर. बालाघाटच्या त्या उघड्याबोडक्या डोंगरावर एक जुनी वेधशाळा होती. आसपासच्या गावांमधून कुणी तिकडं फिरकत नसे. सहल म्हणजे धरण नाहीतर देवी, एवढंच लोकांना ठाऊक. तारीख मिळाली तीही अमावस्येच्या शनिवारची.

"अमावस्येला पोरी घेऊन डोंगरावर?" संजीवनी पीठ मळता मळता म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, पांचाळ मेकॅनिक भुताच्या घरी डिश बसवायला गेला."

ती हसली. रेवतीनं तिच्याकडं मान वळवली आणि म्हणाली, "आई, तू हसताना डावीकडं जास्त हसतेस."

हे वाक्य साधं नव्हतं. ह्या वाक्यासाठी त्या घरानं दोन वर्षं घासली होती.

रेवती जन्मली तेव्हा तिचे डोळे टपोरे, सुंदर आणि बिनकामाचे होते. आतला पडदा मेलेला. उजेड आणि अंधार एवढाच फरक तिला कळे. सहा वर्षांची असताना शहरातल्या एका इस्पितळात तिच्या डोक्याच्या मागच्या भागात, मेंदू जिथं बघण्याचं काम करतो तिथं, नखाएवढी चकती बसवली. नाकावर चष्मा, चष्म्यात कॅमेरा, कमरेला डबी. कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र डबी विजेच्या बारीक बारीक टिचक्यांमध्ये बदलते आणि चकतीवाटे मेंदूला देते. जाहिरातीत एवढंच सांगतात. डोळ्यांवर पट्टी बांधलेली गोड पोरगी, पट्टी सुटते, समोर फुलांची बाग.

बाग वगैरे काही नसतं. पट्टी सुटली तेव्हा रेवती किंचाळली होती. तिला नुसत्या मुंग्या दिसत होत्या. प्रत्येक पोराच्या मेंदूची वायरिंग वेगळी. कुठली टिचकी म्हणजे रेघ, कुठली म्हणजे कोपरा, हे डबीला त्या एका पोराकडून शिकावं लागतं आणि पोराला डबीकडून. दोघं मिळून एक भाषा तयार करतात, ती जगात तिसऱ्या कुणाला येत नाही. डॉक्टर स्पष्ट बोलले होते, "जे शिकवायचं ते वयाची आठ वर्षं पुरी व्हायच्या आत. त्यानंतर मेंदूचं हे दार मिटत जातं. मग ढकलून उघडत नाही."

ती भाषा संजीवनीनं शिकवली. रोज सकाळी खिडकीच्या उजेडात पोरीसमोर बसायची. हे नाक. हा कान. मी हसले. मी रागावले. आता सांग, काय केलं मी? चार महिने पोरगी चुकत होती. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा बरोबर बोलली. आणि दीड वर्षानं एका सकाळी, संजीवनीनं अजून काही केलंच नव्हतं, तेव्हा रेवती म्हणाली, "आई, तू दमलीस." हे त्या खेळात नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. संजीवनी उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

असो. सहलीचं सांगत होतो.

बुधवारी रोहिदासनं वेधशाळेत फोन लावला. तिथं इंगोले मॅडम म्हणून एक बाई होत्या. दुर्बीण चालवायची, झाडू मारायचा आणि फोन उचलायचा, सगळं त्याच.

"या या," त्या खूश झाल्या. "सातच्या आत पोचा. गाडीचे दिवे खाली गेटपाशीच बंद करा. पोरं किती वर्षांची?"

"एक सहा, एक नऊ. मॅडम, मोठीला जरा अंधारात सांभाळून चढवावं लागंल. तिच्या डोक्यात चकती आहे. चष्मा आणि डबी."

रोहिदासला वाटलं, लाइन तुटली.

"हॅलो?"

"आहे मी," इंगोले मॅडम म्हणाल्या. "पांचाळसाहेब, रागावू नका. तुम्ही त्या दिवशी येऊ नका. अष्टमीला या. चंद्र दाखवते तिला. मस्त दिसतो, खड्डे, डोंगर, सगळं."

"तिला रेवती बघायचीय."

"तेच सांगायलीय. ह्या चष्म्यातून तारे दिसत नाहीत. आत्तापर्यंत तीन पोरं आली अशी. पहिला मुलगा दुर्बिणीला डोळा लावून अर्धा तास उभा होता. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. दुर्बीण तीन वेळा पुसली मी."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. कुठलाही कॅमेरा अंधारात बघायला लागला की त्याच्या चित्रात भलतेच ठिपके उमटतात. खरे नव्हेत, कॅमेऱ्याच्या पोटातली घाण. पोराच्या मेंदूला त्याचा त्रास होऊ नये म्हणून डबी ते ठिपके पुसून टाकते. त्याला सफाई म्हणतात. काळ्यावर एकच एक बारीक पांढरा ठिपका दिसला की डबी समजते, हा कचरा. पुसला. आणि तारा म्हणजे तरी काय? काळ्यावर एकच एक बारीक पांढरा ठिपका.

"कचरा कुठला आणि तारा कुठला, तिला ओळखता येत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "आपल्यालाही आलं नसतं, त्या डबीच्या जागी असतो तर."

रोहिदासनं फोन ठेवला आणि लगेच डबी बनवणाऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एक गोड आवाजाची मुलगी आली. तिनं त्याची तक्रार ऐकली, टाइप केली, आणि म्हणाली, "सर, तारे हे दैनंदिन उपयोगाच्या दृश्यांच्या यादीत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे सर, रस्ता, जिना, चेहरे, भांडी, अक्षरं, ही उपयोगाची दृश्यं आहेत. ताऱ्यांसाठी अजून कुणी विनंती केलेली नाही."

"मी करायलोय ना आता!"

"नोंद घेतली आहे, सर. अजून काही मदत करू शकते का?"

आता बघा. कुठल्या तरी गार खोलीत बसून कुणी तरी ठरवलं की आंधळ्या पोरांना आयुष्यात काय काय लागेल. जिना लागेल, चमचा लागेल, फाटक लागेल. माणसं हुशार असणार, मोठ्या पदव्यांची असणार. त्यांनी हजारो चित्रं डबीला दाखवली, रस्त्यांची, दुकानांची, स्वयंपाकघरांची. एकाच्याही मनात आलं नाही की एखादं पोर मान वर करेल. त्या इमारतीत मान वर करायची पद्धतच नसेल. आभाळ कचऱ्यात टाकलं त्यांनी, आणि वर त्याला सफाई नाव दिलं.

त्या रात्री जेवताना रोहिदासनं संजीवनीला सांगितलं. पोरी शेजारच्या खोलीत कार्टून बघत होत्या.

"मग चंद्र दाखवू," संजीवनी म्हणाली.

"चंद्र गच्चीवरून दिसतो. त्याला डोंगर कशाला चढायचा?"

"मग नका चढू. तिला सांगू की ढग आले."

"डिसेंबरात?"

"मग खरं सांगू. नऊ वर्षांची आहे, कळतं तिला." तिनं भाकरी त्याच्या ताटात जरा जोरातच टाकली. "अहो, तिला दिसतंय तेवढं पुरे आहे. जिना उतरती एकटी. वाचती. माझं तोंड ओळखती. अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"मला नाही. तिला पाहिजे."

"तिला काय, उद्या विमान पाहिजे म्हणंल." मग ती थांबली. नवऱ्याकडं नीट बघितलं. बारा वर्षांच्या संसारात तिला हे तोंड पाठ झालं होतं. बिघडलेली डिशची पेटी पुढ्यात आली की ह्याचं असं तोंड होई. "डबीला हात लावायचा नाही. सांगून ठेवते. त्या डबीत माझी दोन वर्षं आहेत."

"कोण लावायलंय हात?" रोहिदास म्हणाला.

शुक्रवारी दुपारी संजीवनी बचत गटाच्या बैठकीला गेली, तेव्हा त्यानं हात लावला.

त्याला दोष द्यायचा तर खुशाल द्या, पण आधी त्याचा धंदा समजून घ्या. रोहिदास पांचाळ अकरावीत शाळा सोडून हबीबभाईंच्या हाताखाली डिश आणि कॅमेऱ्यांचं काम शिकला. हबीबभाईंचा एकच कायदा होता. आधी रीसेट मार, मग बिघाड शोध. पेटी कोणाचीही असो, कंपनी कुठलीही असो, आधी तिला कोरी कर. मागच्या मेकॅनिकनं घातलेले घोळ घेऊन बसू नको. वीस वर्षं रोहिदास असंच करत आला आणि शंभरातल्या नव्वद पेट्या रीसेटनंच सुरू झाल्या. पेटी कोरी झाली म्हणून आजवर कुणाचं काही गेलं नव्हतं. फार तर चॅनल पुन्हा लावावे लागत.

आणि दुसरी रीत. गच्चीवर मेकॅनिक डिश फिरवणार, खाली घरातलं माणूस टीव्हीसमोर उभं राहून ओरडणार. आलं का? नाही! आता? जरा आलं! आता? आलं, आलं, बस! मेकॅनिकला स्वतःला चित्र दिसत नाही. खालचा जे सांगेल ते खरं.

त्यानं एका खोक्याला सुईनं एकच भोक पाडलं, आत बॅटरी लावली, आणि खोकं न्हाणीघरात अंधार करून ठेवलं. त्याचा घरगुती तारा. रेवती पाटावर बसली, कमरेच्या डबीची वायर त्याच्या लॅपटॉपला.

"आईला नाही ना सांगायचं?" तिनं विचारलं.

"उद्या डोंगरावर सांगू. आधी दिसू दे. समोर काय दिसायलंय?"

"काळं."

डबीच्या आतल्या यादीत तो तासभर फिरला. मेकॅनिकांच्या ग्रुपमध्ये कुणी तरी आत शिरायचा आकडा टाकलेला होता. सफाईची ओळ त्याला सापडली, पण ती राखाडी होती, दाबली जात नव्हती. आधीच्या शिकलेल्या सगळ्याशी ती बांधलेली होती. त्या यादीच्या तळाला लाल चौकोन होता. पहिल्या दिवसाच्या स्थितीत न्या. आधीच्या सगळ्याची नक्कल काढून ठेवायची सोय होती, पण तिला कंपनीचा पासवर्ड लागत होता. रोहिदासनं चौकोनाकडं बघितलं. पहिल्या दिवशी सफाई नव्हती. पहिल्या दिवशी सगळं आत येत होतं. त्याला मुंग्या आठवल्या. पण शिकली होती ना पोरगी एकदा? मग आता तर वाचायला येतं तिला. आठवड्याभरात सगळं परत जुळेल. चॅनल लावावे लागतील, एवढंच.

त्यानं रीसेट मारलं.

रेवतीनं दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला. तिचा श्वास मोठा झाला.

"रेवू? दिसायलंय का?"

त्यानं एक कळ जराशी खाली घेतली. "आता?"

"पप्पा..."

"आता?"

"हो," ती म्हणाली. "हो, हो! दिसायलंय! खूप दिसायलेत!"

भोक एकच होतं. रोहिदासला ते माहीत होतं, त्याच्याच हातानं पाडलेलं होतं. पण खोक्याच्या सांध्यातून उजेड झिरपत असेल, त्याला वाटलं. हातातलं काम झालं की मेकॅनिक असलं काही तरी वाटून घेतो. त्यानं पोरीला उचलून गरागरा फिरवली आणि ती हसली. खाली ठेवल्यावर ती भिंत चाचपत दारापर्यंत गेली. तेही त्यानं बघितलं.

"मुंग्या आहेत का गं?"

"थोड्या," रेवती म्हणाली. "जातील ना?"

"जातील."

संध्याकाळी संजीवनी आली तेव्हा रेवती पांघरुणात होती. डोकं दुखतंय म्हणाली. शनिवारी सकाळी घरात धपाट्यांची गडबड. खिडकीतला खेळ झाला नाही. रेवती उठल्यापासून ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. आईच्या बांगड्या वाजल्या की तिकडं तोंड करून बरोबर हसत होती. आईला कळलं असतं तर सहल रद्द झाली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. रोहिदासला कळलं होतं. त्यानं धपाटे डब्यात भरले, दही वेगळ्या डब्यात घेतलं.

जीपमध्ये गौरानं गोळी घेऊनही उलटी केलीच. त्यावरून सगळे हसले. गाडी बालाघाटच्या रांगेला लागली तेव्हा सूर्य टेकला होता.

"रेवू, बघ गं, केवढा तांबडा झालाय," संजीवनी म्हणाली.

"हो," रेवती म्हणाली. ती दुसऱ्या खिडकीकडं बघत होती.

संजीवनी बराच वेळ पोरीकडं बघत राहिली, मग तिची नजर आरशातल्या रोहिदासच्या डोळ्यांवर गेली, आणि रोहिदासनं आरसा हातानं थोडा फिरवला.

गेटपासून वर दगडी पायऱ्या होत्या. रेवती एरवी दुडूदुडू चढली असती. आज तिनं बापाचा हात एवढा आवळून धरला की त्याच्या बोटांना रग लागली. वर पोचले तेव्हा आभाळ ताऱ्यांनी इतकं भरलं होतं की गौरा मान मागं टाकून बघतच राहिली. तिनं एवढं आभाळ कधी बघितलंच नव्हतं. संजीवनीनं पण नाही. कुणी कुणाशी बोलायच्या आतच इंगोले मॅडम बॅटरीवर लाल कागद लावून बाहेर आल्या. पन्नाशीची किरकोळ बाई, अंगात पुरुषी जाकीट.

"आलात? मी म्हटलं होतं नका येऊ." मग त्या रेवतीपुढं वाकल्या. "तूच का गं रेवती? चल, आधी आत चल, वारा फार आहे."

रेवतीनं बाहेर मान वर केलीच नव्हती. पायऱ्यांकडं लक्ष देत खाली मान घालून चढली, तशीच आत गेली.

आत घुमट. पत्र्याचा, गोल, मध्ये दुर्बीण. दार लावलं आणि मॅडमनी बॅटरी विझवली. डोळे अंधाराला सरावू द्यायचे असतात म्हणाल्या. काही म्हणजे काही दिसेना. रोहिदासला स्वतःचा हात दिसत नव्हता.

आणि त्या अंधारात रेवती किंचाळली.

"पप्पा! पप्पा, किती आहेत!"

तिची चप्पल जागच्या जागी गोल फिरल्याचा आवाज आला.

"आई, अगं बाई, किती! सगळीकडं आहेत! हलायलेत पण! गौरे, बघ ना!"

"दीदी," गौराचा आवाज आला, "वर पत्रा आहे."

"गप गं. तुला दिसत नसतील."

"अगं पत्रा आहे! मॅडमनी अजून उघडलंच नाही!"

"तुला नाही दिसत!" रेवती हसत होती. दिवाळीत पहिल्यांदा भुईनळा बघितला होता तेव्हा हसली होती, तसं. "पप्पा, ह्यातली रेवती कोणती?"

रोहिदासला आठवलं. कॅमेऱ्याच्या पोटातली घाण. मॅडमनी फोनवर सांगितलं होतं, सोप्या मराठीत सांगितलं होतं. सफाई गेली आणि सगळा कचरा आत आला. गच्च अंधारात नुसता कचराच होता, आणि त्याची पोरगी त्यात स्वतःला शोधत होती.

इंगोले मॅडमनी खटका दाबला. मोटार कुरकुरली, पत्र्याला वरून खाली फट पडली, आणि खरे तारे आत आले. गौरा "आई गं" म्हणाली. त्या अंधुक उजेडात रोहिदासला रेवती दिसली. फटीकडं पाठ करून उभी होती. कोऱ्या पत्र्याकडं बोट दाखवत होती.

"पप्पा, सांगा ना. कोणती?"

"सांगा की," संजीवनी म्हणाली. आवाज अगदी खालचा. "विचारायलीय ती तुम्हाला."

"संजीवनी..."

"डबी उघडलीत ना?"

"रीसेट मारलं," रोहिदास म्हणाला. "काल. परत शिकवू. मी बसतो रोज सकाळी तिच्यापुढं. मी शिकवतो."

"डॉक्टर आठ म्हणाले होते. तिला नऊ पुरी झालीत." एवढंच ती बोलली. मग रेवतीच्या पुढ्यात जाऊन गुडघ्यांवर बसली, पोरीच्या नाकाच्या अगदी समोर, वीतभरावर. ओठ मिटून. बांगड्या दुसऱ्या हातानं दाबून धरलेल्या.

रेवती तिच्या आरपार बघत राहिली.

"पप्पा? सगळे गप्प का झाले? आई कुठं गेली?"

संजीवनीच्या तोंडून आवाज फुटला तेव्हा कुठं पोरीनं हात पुढं केले.

आता रोहिदासला दोन वाटा होत्या. तिचं बोट धरून पत्र्यावर कुठंही टेकवायचं आणि म्हणायचं, ही बघ, ही तू. पोरीनं मानलं असतं. जन्मभर मानलं असतं. मॅडमही काही बोलल्या नसत्या, त्या भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होत्या. पण वीस वर्षं तो माणूस लोकांच्या घरी जाऊन बिघाड तोंडावर सांगत आला होता. आणि आता अजून एक खोटं तिच्या डोक्यात भरायची त्याची छाती झाली नाही.

"रेवू," तो म्हणाला. "त्यातला एकही तारा नाही. ती डबीतली घाण आहे. वर खरंच पत्रा होता. तारे तुझ्या पाठीमागं आहेत आणि ते तुला दिसणार नाहीत. आणि माझ्यामुळं आता बाकीचं पण... माझ्यामुळं झालं."

रेवतीचं बोट अजून वर होतं. मग खाली आलं.

"सगळे?"

"सगळे."

"तो मोठा पण?"

"तो पण."

ती रडली नाही. तिचा चेहरा असा झाला की रोहिदासला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"मग तुम्ही कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "मला दिसायलते ना. मला दिसायलते. तुम्हाला काय करायचं होतं?"

कंपनीला शिव्या देता आल्या असत्या. त्या त्यानं पुढं वर्षभर दिल्या, अर्ज करून, वर्तमानपत्रात लिहून, इस्पितळाच्या दारात बसून. डॉक्टरांनी प्रयत्न केले. कडा कळल्या, दार कळलं, माणूस आला-गेला कळलं. आईच्या तोंडापर्यंत ती परत पोचली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या रात्री धपाट्यांचा डबा कुणी उघडला नाही. इंगोले मॅडमनी न उलगडलेली सतरंजी उचलून संजीवनीच्या हातात दिली. "पोरीला परत आणा कधी तरी," त्या म्हणाल्या आणि मग आपण काय बोललो ते कळून बॅटरीवरचा लाल कागद उगीच नीट करू लागल्या.

उतरताना रोहिदासनं हात पुढं केला. रेवतीनं कठडा धरला. थंडीनं गारठलेला लोखंडी कठडा, एका हातानं तो आणि दुसऱ्या हातानं गौरा. एकेका पायरीला पाय चाचपून ठेवत ती उतरू लागली. संजीवनी दोन पायऱ्या पुढं, तोंड पोरीकडं करून, उलटी उतरत होती. रोहिदास मागं. हात तसाच पुढं, पोरीच्या खांद्यापासून बोटभर अंतरावर, पडलीच तर धरायला.

तीस-चाळीस पायऱ्या झाल्यावर रेवती थांबली.

"पप्पा, मागं मागं येऊ नका. तुमची चप्पल ऐकू यायलीय."

तो थांबला.

"पडशील रेवू."

"पडले तर आई आहे."

ती पुढं निघाली. खाली, अंधारात, गौराचा बारीक आवाज ऐकू येत राहिला. ती बहिणीला पायऱ्या मोजून दाखवत होती आणि मध्येच चुकत होती, आणि रेवती तिला आकडा दुरुस्त करून सांगत होती. रोहिदास त्याच पायरीवर उभा राहिला. जीपचं दार लागल्याचा आवाज आला तरी त्याचा पाय उचलेना, कारण बोलवायला कुणी आलं नव्हतं.